धुरकऱ्याचा डोळा

वडनेर भोलजीत कडूबाला लोक माजोरडा म्हणत, आणि खोटं कशाला बोला, लोकांचंही काही चुकत नव्हतं. पारावर चार माणसं बसलेली असावीत, त्यांनी हात वर करावा आणि ह्या गड्यानं नाकासमोर चालतं व्हावं! तोंडानं 'राम राम' म्हटलं तर मात्र लगेच वळायचा, हसायचा, म्हैस कधी विते ते विचारायचा. लोक म्हणत, पट जिंकून जिंकून गड्याचं डोकं फिरलंय.

पट म्हणजे शंकरपट. माघ लागला की वऱ्हाडातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. कापूस घरात नाहीतर गाडीत, ज्वारी खळ्यावर, आणि माणसं मैदानावर. दोन जोड्या शेजारी शेजारी जुंपायच्या, मागं छकडा. छकडा कसला, दोन चाकं, एक दांडी आणि बूड टेकायला फळी. त्या फळीवर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी, आणि वडनेरात धुरकरी म्हटला की कडूबा. जोडी होती त्याच्या थोरल्या भावाची, हिंमतरावाची. चांद्या आणि पाखऱ्या. हिंमतरावानं ह्या बैलांना स्वतःच्या पोरांपेक्षा जास्त तूप चारलं होतं, आणि त्याची बायको ते रोज त्याला ऐकवत होती.

वडनेरच्या मैदानाला एक खोड होती. निशाणाच्या पुढं थोडं गेलं की नाला. चांगला खोल, तळाला दगड. नियम असा की निशाण ओलांडेपर्यंत कासरा ओढायचा नाही. भल्याभल्या धुरकऱ्यांचे हात निशाणाच्या अलीकडंच आपोआप मागं यायचे. नाला दिसला की जीव काय म्हणतो ते ज्याचं त्याला ठाऊक. पण कडूबाचा हात कधी हलला नाही. निशाण मागं पडायचं, पलीकडं उभ्या असलेल्या हिंमतरावाची आरोळी मागं पडायची, तेव्हा कुठं तो कासरा खेचायचा.

"देवानं माह्या भावाच्या काळजात भेवच घातला नाही," हिंमतराव बाजारात, लग्नात, मयतीतसुद्धा सांगायचा. "वाघ हाय तो, वाघ!"

आणि वाघाला काय दिसायचं? हातभर. त्याच्या पुढं सगळी दुनिया पाण्यात भिजलेल्या कागदासारखी. माणूस म्हणजे एक उभा डाग, झाड म्हणजे एक मोठा डाग. लहानपणापासून तसंच, त्यामुळं सगळ्यांनाच असं दिसत असेल असं त्याला वाटायचं. माणसं तो चालीवरून ओळखायचा, आवाजावरून ओळखायचा. पटात तर डोळ्यांचं कामच काय? बैल आपले सरळ पळतात, कासऱ्यातून त्यांचं मन हाताला कळतं, आणि कुठं थांबायचं ते भावाची आरोळी सांगते.

हे एकट्या तानुबाईला माहीत होतं. त्याची बायको. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, ती विहिरीवरून हातानं त्याला बोलावत होती आणि हा पठ्ठ्या तिच्याकडं बघत बघत शेजारच्या सत्यभामाबाईजवळ जाऊन उभा राहिला. सत्यभामाबाई म्हणजे नातवंडं झालेली बाई. तानुबाई हसून हसून बेजार झाली, आणि घरी येऊन रडली.

"काऊन रडतेस?" त्यानं विचारलं.

"तुमी मले पाह्यलंच नाही अजून," ती म्हणाली. "लगनात कोणाच्या गयात हार घातला ते तरी ठाव होतं का?"

तो बाजूला सरकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आता पाह्यलं ना." तिनं त्याला ढकललं, आणि तो विषय तिथंच राहिला.

त्या वर्षी दिवाळी सरली, खळं लागलं. ज्वारी उपणताना कडूबाच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा चोळत, एका डाव्या डोळ्यानं बघत तो गोठ्याच्या दाराशी आला, तर चौकट मध्येच वाकलेली. त्यानं हात फिरवला. लाकूड सरळ. परत पाहिलं, परत वाकडं. तेवढ्यात तानुबाई पाणी घेऊन आली, डोळ्यात फुंकर घालायला अगदी जवळ वाकली, आणि त्याच्या अंगावर काटा आला. तिच्या तोंडाच्या मधोमध एक करडा डाग होता. कान दिसत होते, कपाळाची कोर दिसत होती, पण नाक नव्हतं.

झालं! त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. उठता बसता उजवा डोळा मिटायचा आणि डाव्यानं सरळ वस्तू बघायची. पराणी बघ, दोर बघ, चुलीची कड बघ. सगळं मध्ये वाकायचं. जेवताना ताटाची कड बघायचा. हिंमतराव म्हणाला, "काय बे, कोणाले डोया मारून राह्यला?" सगळे हसले, कडूबाही हसला, आणि घास मात्र तोंडात फिरत राहिला.

तानुबाईनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी ठणकावलं. "नांदुऱ्याले डोयाचा डॉक्टर येते. बाजाराच्या दिवशी जाऊ. घरी सांगा, बांगड्या घ्याच्या हायेत."

नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळ एका खोलीत नारायणराव डॉक्टर महिन्यातून एकदा नागपूरहून येऊन बसायचे. त्यांनी कडूबाच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि बाकावर बसवलं. थेंबांनी जवळचंही दिसेना. हाताच्या रेषा गेल्या, बोटं गेली. बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते, कापसाच्या गाठी चढत होत्या, आणि कडूबा पाय हलवत, मांडी चोळत बसला होता. आपण डोळे दाखवायला आलो की घालवायला, हे त्याला कळेना.

मग डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं. मागं दिवा ठेवला, हातात मध्ये भोक असलेला लहान आरसा घेतला, आरशातून दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यात पाडला आणि भोकातून आत बघत राहिले. एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला. बघता बघता त्यांचा श्वास कडूबाच्या गालाला लागत होता.

"तुम्ही काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेती. अन् पट हाकतो."

आरसा खाली आला. "शंकरपट? छकड्यावर बसून?"

"हाव."

डॉक्टरांनी खिडकी उघडली, खुर्ची पुढं ओढली, आणि तानुबाईलाही आत बोलावलं. "बाई, तुम्हीही ऐका. डोळ्याच्या मागच्या भिंतीला तीन पदर असतात. बाहेरचा पांढरा आणि चिवट. सगळ्यात आतला नाजूक, त्याच्यावर जगाचं चित्र पडतं. आणि ह्या दोघांच्या मध्ये एक पदर नुसत्या रक्तवाहिन्यांचा. जाड वाहिन्या बाहेरच्या अंगाला, बारीक आतल्या अंगाला. चित्राच्या पदराला अन्नपाणी तोच पुरवतो. कळलं?"

"कळलं," तानुबाई म्हणाली.

"ह्यांच्या डोळ्याचा गोळा वाढत गेला तसा मागच्या बाजूला लांबला. म्हणून लांबचं दिसत नाही. पण डोळा लांबला तरी मधला रक्ताचा पदर काही नवा होत नाही. आहे तोच ताणला जातो. गोणीत कापूस ठासून ठासून भरला की वीण फाकते आणि पांढरं दिसायला लागतं, तसं झालंय. बारीक वाहिन्या गेल्यात. जाड वाहिन्या उघड्या पडल्यात, आणि मधून मधून बाहेरचा पांढरा पदर दिसतोय. डाव्या डोळ्यात, नेमकं नजरेच्या मध्यावर, रक्त झिरपून डाग पडलाय. म्हणून चौकट वाकडी दिसते."

"बरा होईन?" तानुबाईनं विचारलं.

"तो डाग जाणार नाही. उजव्यात अजून रक्त सांडलेलं नाही, पण पदर तसाच विरलाय. जपायचा तो उजवा. डोक्यावर ओझं नाही, उड्या नाहीत, हिसके नाहीत. आणि छकडा तर मुळीच नाही. उद्याच जाईल असं मी म्हणत नाही. कदाचित दहा पट हाकाल आणि काही होणार नाही. कदाचित एकाच हिसक्याला सांडेल. मग आयुष्यभर चाचपडाल."

त्यांनी लोखंडी चौकटीत एकावर एक भिंगं घालून ती त्याच्या नाकावर ठेवली आणि तोंड खिडकीकडं वळवलं. कडूबा दचकला. समोर स्टेशन होतं. फलाटावर एक माणूस होता, माणसाच्या खांद्यावर रुमाल होता आणि रुमालाला लाल काठ होता. इतक्या लांबून!

डॉक्टर हसले. "अहो, तुम्हाला समोरचं काही दिसतच नव्हतं. म्हणून तर पट हाकू शकलात."

माणूस चांगला होता, सहज बोलून गेला. पण डोळ्याचं ऐकून जे झालं नाही ते कडूबाला ह्या वाक्यानं झालं. परतीच्या बैलगाडीत तानुबाई रडत होती, देवाला नवस बोलत होती, आणि हा गडी एकच गोष्ट चघळत होता. आपण शूर होतो, की नुसते आंधळे?

चष्मा तयार होऊन यायला महिना लागला. तोवर माघ उजाडला, आणि हिंमतराव धाड गावच्या पंजाबरावाला पटाचा शब्द देऊन बसला. धाड काय जवळ आहे का! पण पंजाबरावाची जोडी बुलढाण्याकडचे सगळे पट मारून आली होती, आणि आता तो ती घेऊन वडनेरला येणार होता. गावात दुसरा विषय नव्हता.

"भाऊले सांगा," तानुबाई रोज म्हणायची. ती स्वतः सांगू शकत नव्हती. भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. हिंमतराव ओसरीवर असला की ती पदर ओढून भिंतीकडं तोंड करायची. इतक्या वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती.

"सांगतो," कडूबा म्हणायचा.

आणि सांगायचा नाही. सांगणार काय? डोळ्यात रक्ताचा पदर विरलाय? दादा म्हणेल, धाडची जोडी पाहून भ्याला. गाव म्हणेल, वाघाची शेळी झाली. आणि खरंच तसं असलं तर? ह्या 'तर'नं त्याची झोप उडवली होती. रानात एकटा असला की तो खिशातून चष्मा काढायचा, जाड भिंगांचा, नाकावर दगडासारखा बसणारा, आणि बघत सुटायचा. तुरीच्या शेंगा वेगवेगळ्या दिसायच्या. लांबच्या बाभळीवर कावळा दिसायचा. उत्तरेला सातपुडा आहे हे तो जन्मापासून ऐकत होता, आता दिसला, निळा, आडवा. त्याला इतकं बरं वाटायचं, आणि लगेच इतकं वाईट वाटायचं, की तो चष्मा काढून खिशात कोंबायचा. एकदा तर तो मैदानावर गेला, चष्मा लावून निशाणाच्या जागी उभा राहिला आणि नाल्यात डोकावला. लगेच मागं सरला. किती खोल होता तो! पण उभं राहून बघणं वेगळं आणि फळीवर बसून बघणं वेगळं, असं त्यानं मनाला बजावलं.

पटाच्या दिवशी सकाळी तानुबाईनं दारातच वाट अडवली.

"तुमी मले बोलले होते, भाऊले सांगतो म्हणून."

"एकडाव बसू दे, तानू. चष्मा लावून बसतो. मले पाहू दे."

"काय पाह्यचं हाय?"

"मी कोण हाय ते."

"अन् डोया गेला तं? मंग काय पाहसान?" तिचा आवाज फाटला. "अवो, मी हाय ना इथं! मले ठाव नाही का तुमी कोण हाय ते?"

त्यानं तिचा हात बाजूला केला. तिनं परत अडवलं नाही. त्याला वाटलं ती चिडेल, शाप देईल, पण ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि हे त्याला जास्त लागलं.

मैदान फुलून गेलं होतं. भजी तळली जात होती, पाळणा फिरत होता, कासार बांगड्यांची तोरणं लावून बसले होते. कडूबाला हे सगळं वासानं आणि आवाजानं कळत होतं, नेहमीसारखं. हिंमतरावानं बैलांच्या पाठीवर गुलाल टाकला आणि भावाच्या कानाशी येऊन म्हणाला, "वाघा, आज धाडवाल्याले दाखव." आणि निशाणाकडं पळाला. त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला.

कडूबा फळीवर बसला. कासरा हातात घेतला. शेजारी पंजाबरावाचा धुरकरी काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक देवाचं नाव. कडूबानं खिशातून चष्मा काढला, काड्या कानामागं अडकवल्या, वरून रुमाल करकचून बांधला.

"हे काय बे लावलं?" कोणीतरी ओरडलं, तोवर इशारा झाला आणि बैल सुटले.

बैल नेहमीसारखेच पळाले. कासरा नेहमीसारखाच बोलत होता. पण जग! जग अंगावर धावून आलं. दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती, आणि ती डाग नव्हती, त्यांना तोंडं होती. इतकी वर्षं जो कल्ला त्याला शाबासकीचा वाटायचा, त्यातल्या अर्ध्या किंकाळ्या होत्या. बाया पोरांना मागं ओढत होत्या. एक म्हातारा काठी टाकून रांगत बाजूला सरत होता. समोर निशाण, निशाणामागं हात नाचवणारा दादा, दादामागं नाल्याची तुटलेली कड. ती पुढंच येत होती. कडूबाचे हात आपोआप मागं यायला लागले. हाच तर भेव! गावात सगळ्यांना असतो तो, आणि आपल्याला कधी भेटलाच नव्हता. त्यानं दात आवळले. 'हाकतो,' तो स्वतःशी म्हणाला. 'भेव वाटला तरी हाकतो. तरच मी खरा.' चाक एका ढेकळावरून उडालं, फळी खाली आदळली, आणि उजव्या डोळ्याच्या कडेला एक ठिणगी चमकून गेली.

त्याच क्षणी त्याला तानुबाई दिसली.

निशाणाच्या अलीकडं, बाभळीखाली, बायांच्या घोळक्यात. तिचं हिरवं लुगडं त्यानं ओळखलं. सगळ्या बाया टाचा उंचावून पटाकडं बघत होत्या. ती एकटी पाठ करून उभी होती. दोन्ही हात कानांवर दाबलेले, आणि कपाळ बाभळीच्या खोडाला टेकलेलं. पटाच्या प्रत्येक संध्याकाळी ती त्याला सांगायची, पाखऱ्या कसा पळाला, चांद्यानं मान कशी टाकली. सगळं बायांकडून ऐकून सांगायची तर! तिनं एकही पट पाहिला नव्हता. दरवर्षी ती इथं अशीच उभी राहायची, आणि त्याला ते दिसायचं नाही.

कडूबानं कासरा ओढला.

ओढला म्हणजे मागं पडून, दोन्ही पाय धुऱ्याला लावून ओढला. बैल आडवे झाले, छकडा फिरला, धूळ उठली. धाडची जोडी बाजूनं वाऱ्यासारखी गेली आणि निशाण ओलांडलं. मग जो हुर्यो उठला, तो थेट नांदुऱ्यापर्यंत ऐकू गेला असेल.

पटाचा एक जुना रिवाज होता. निशाणाच्या अलीकडं कासरा ओढणाऱ्या धुरकऱ्याला जोडीच्या मालकानं बांगड्या द्यायच्या, भर मैदानात. "बांगड्या! बांगड्या!" लोक ओरडायला लागले. हिंमतराव कासाराच्या तोरणातून मूठभर हिरव्या बांगड्या ओढून धावतच आला. रागानं त्याचं तोंड काळंनिळं झालं होतं. कडूबानं भावाचं तोंड इतक्या लांबून पहिल्यांदाच पाहिलं. केस किती पिकले होते दादाचे!

"घे!" हिंमतराव गरजला. "भर हातात! काऊन ओढला कासरा? बोल ना बे!"

"मले भेव वाटला, दादा," कडूबा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. पुढच्या रांगेतली माणसं हसायची थांबली. "नाला दिसला अन् भेव वाटला."

"आजलोक काय नाला नव्हता तेथी?"

"होता. मले दिसत नव्हता. मले काहीच दिसत नव्हतं, दादा. हातभर दिसते मले. डावा डोया तं गेलाच. उजव्यात रक्ताचा पदर विरला हाय, हिसका बसला तं तोही जाते. डॉक्टर सांगून राह्यले. तू आरोई देत होता, त्या आरोईवर हाकत होतो मी."

हिंमतरावाची मूठ वर होती ती तशीच राहिली. त्यानं भावाच्या जाड भिंगांकडं पाहिलं, मग वळून नाल्याकडं पाहिलं. निशाणापासून नाल्यापर्यंतची जमीन तो डोळ्यांनी मोजत असावा. त्याचा चेहरा उतरत गेला.

"एखाद्या साली माहा घसा बसला असता तं?" तो हळूच म्हणाला.

हिंमतराव मटकन खाली धुळीत बसला, आणि वडनेरचा तो दांडगा माणूस भर मैदानात लहान पोरासारखा रडू लागला. "आंधयाले बसवत होतो मी," म्हणत होता. "सख्ख्या भावाले."

गर्दीतून वाट काढत तानुबाई आली. डोळे सुजलेले, कपाळावर बाभळीच्या सालीचा वण. तिनं पदर ओढला, पण तोंड भिंतीकडं करायला तिथं भिंत नव्हती. ती सरळ हिंमतरावासमोर उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा भासऱ्याशी बोलली.

"त्या बांगड्या माह्याकडं द्या," ती म्हणाली. "माह्या हायेत त्या. नांदुऱ्याले घ्याच्या राह्यल्या होत्या."

हिंमतरावानं मान वर न करता मूठ उघडली. दोन फुटल्या होत्या, बाकीच्या धड होत्या. तिनं त्या कडूबाच्या हातात दिल्या आणि आपला हात पुढं केला. इतक्या लोकांत नवऱ्यानं बायकोच्या हातात बांगड्या भरायच्या, असलं वडनेरनं कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी हसलं, त्याला दुसऱ्या कोणीतरी गप्प केलं. कडूबा छकड्यावरून खाली उतरला. त्यानं चढवलेली पहिली बांगडी बोटांच्या पेरांवर अडली.

"दमानं," तानुबाई म्हणाली. "घाई काय हाय?"